चार वाजून सहा मिनिटं

नवं वर्ष आमच्याकडे मध्यरात्रीची वाट पाहत नाही.
सूर्य रेषा ओलांडतो त्या क्षणी ते येतं,
कधी भर दुपारी, कधी तोंडात घास असताना.
यंदा त्रॉन्हैममध्ये
पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी,
जेव्हा वसतिगृहाच्या चौथ्या मजल्यावर
एकटा फ्रीज जागा असतो.

बिरजंदला तेव्हा सकाळ.
आईनं अंगणात पाणी मारलेलं,
मावश्या नव्या चपलांत अवघडून बसलेल्या.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर अंथरली
(धुतलेली, पण चादरच).
सात वस्तू हव्यात, साती 'स'च्या.
सिरका मिळाला. सीर, म्हणजे लसूण.
सीब एक, जरा दबलेलं.
सोमाग सीरियन दुकानातला,
सिक्का इथलाच, मधोमध भोक असलेला.
सब्जे मी रुजवलं, खिडकीत, बशीतल्या गव्हाचं:
उजेडाकडे माना ताणून उभे अंकुर,
परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात पाहणाऱ्या पोरांसारखे.

समनू नव्हतं.
समनू रात्रभर ढवळावं लागतं,
ते एकीचं काम नाही.
हात भरून आला की पळी दुसरीकडे जाते,
आणि इथे पळी द्यायची कुणाला?

इस्पंदाचे दाणे मात्र आईनं पाठवले होते,
मोज्यात गुंडाळून.
"एकटी मुलगी डोळ्यांत भरते गं. दृष्ट काढ."
स्वतःची दृष्ट स्वतः काढून पाहिलीय कुणी?
वाटी डोक्याभोवती फिरवताना
हात पाठीमागे पोचतच नाही.

दाणे तडतडले.
धूर वर गेला, सरळ, शहाण्यासारखा,
आणि छतावरचं पांढरं डबडं किंचाळलं.

चार वाजून दोन मिनिटं.
पाच मजल्यांवरची दारं उघडली.
सहा महिने ज्यांच्याशी फक्त 'हाय'पुरती ओळख
ते सगळे जिन्यात:
सिंद्रे अर्ध्या चड्डीत आणि बर्फातल्या बुटांत,
इंगविल्ड, बगलेत कुंडी,
क्वाबेना रजईसकट, एखाद्या राजासारखा.
खाली अंगणात बर्फ पडत होता
आणि सगळे एकमेकांना विचारत होते, कोण? कुणी?

मी घड्याळ पाहत होते.
"लागलं," मी म्हटलं.
"काय? कुठे? आग?"
"वर्ष."

कुणी काहीच बोललं नाही.
मग क्वाबेनानं रजईचा एक पदर उघडला
आणि मला आत घेतलं. बस, एवढंच.
इंगविल्डनं हात पुढे केला, फार औपचारिक,
कुंडी दुसऱ्या हातात घेऊन.

बंब आला. त्याचा लाल दिवा
बर्फावरून, भिंतींवरून, आमच्या तोंडांवरून फिरला.
आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी
जाळावरून उड्या मारतात,
अंगातला पिवळेपणा त्याला देतात, लाली मागून घेतात.
मी यंदा उडी मारली नव्हती.
लाली न मागता येत होती, जात होती, पुन्हा येत होती.

तोरुन नावाच्या बंबवाल्या बाईनं वर येऊन वास घेतला.
"हा टोस्ट नाही."
मी सांगितलं: लोकांच्या नजरा जाळत होते.
तिनं हेल्मेट काढलं, थोडा विचार केला,
फॉर्मवर लिहिलं, 'मसाला'.
बिल येईल म्हणाली. (आलं. त्याचं नंतर.)

सिंद्रे टेबलापाशी थांबला.
बोटानं मोजलं. सहा.
मी समनूचं सांगायला तोंड उघडलं,
तोवर तो वाडगा उचलून बाहेर गेला
आणि भरून घेऊन आला, शिगोशीग, भुसभुशीत.
"स्न्यो," तो म्हणाला. "आमचाही 'स'च."

फोन लागेपर्यंत त्याचं पाणी झालं होतं.
आईनं पडद्यात डोकं घालून एकेक तपासलं,
सिरका, सीब, माझे डोळे,
मागे चहा ओतणारा रजईतला माणूस.
"आणि त्या वाडग्यातला सोनमासा कुठंय?"

"झोपलाय," मी म्हटलं.
"आमच्याकडे अजून रात्र आहे."